आरेखनाचा साचा आणि संगणकाच्या आज्ञा

बांधकामाच्या जागेवर नकाशा पोहोचतो, तेव्हा तो काढणारा आरेखक तेथे नसतो. मुकादम कागदावर बोट ठेवून भिंतीची जाडी वाचतो आणि गवंडी त्याप्रमाणे दोरी बांधतो. कागदावरील तुटक रेषा ही डोक्यावरून जाणारी तुळई आहे की जमिनीखालून जाणारा नळ आहे, हे त्याला त्या रेषेच्या रूपावरूनच ओळखावे लागते. एकाच इमारतीच्या वीस नकाशांत एकच खूण दोन अर्थांनी आली, तर चूक कागदावर राहत नाही; ती विटा आणि काँक्रीट यांत उतरते. सर्व नकाशांचे संकेत आधीच ठरवून एका जागी बांधून ठेवण्याचे साधन म्हणजे आरेखनाचा साचा होय.

ही कल्पना संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. टी-स्क्वेअर आणि गुण्या यांच्या काळातही मोठ्या कार्यालयांत समास व शीर्षकाची चौकट आधीच छापलेले कागद असत. वर्तुळे, दरवाजे, हात धुण्याची भांडी यांच्या आकारांची भोके पाडलेली पारदर्शक पट्टी आरेखकाच्या हाताशी असे. तिलाही ‘टेम्प्लेट’ असेच म्हणत. बाकीचे काम मुख्य आरेखकाची नजर करीत असे. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली आली आणि लहान संगणकांवर आरेखन करणे शक्य झाले. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रत्येक नवा आराखडा एका ‘आद्य आराखड्या’ची प्रत म्हणून उघडत असे. पुढे त्याच आद्य आराखड्याला साच्याचे स्वतंत्र रूप मिळाले आणि त्याच्या फाइलनामास ‘डीडब्ल्यूटी’ ही अक्षरे जोडली जाऊ लागली.

‘न्यू’ ही आज्ञा देऊन साचा निवडला की पडद्यावर कोरी जागा दिसते. पण ती खरोखर कोरी नसते. आज्ञावलीबरोबर येणाऱ्या साच्यांपैकी ‘अकॅड’ हा इंचांवर आणि ‘अकॅडआयएसओ’ हा मिलिमीटरवर बेतलेला आहे. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली; तरी २३० मिलिमीटरच्या भिंतीला नऊ इंची म्हणण्याची सवय बांधकामावर अजून गेलेली नाही. संगणकाला मात्र सवय नसते. तो ३००० हा केवळ आकडा साठवतो. तो कशाचा, हे साचा सांगतो. एखाद्याने इंचांचा साचा उघडला आणि मिलिमीटर समजून खोलीची लांबी ३००० दिली, तर त्याला काहीच बिघडलेले दिसत नाही. हाच आराखडा सहकाऱ्याच्या मिलिमीटरमधील आराखड्यात घातला की संगणक प्रामाणिकपणे २५.४ ने गुणतो आणि तीन मीटरची खोली ७६.२ मीटरची होते. इतकी ढोबळ चूक लगेच नजरेत भरते, हे खरे. धोका त्यानंतरचा असतो: कोणीतरी ती खोली अंदाजाने आक्रसून जागेवर बसवतो आणि काही मिलिमीटरांचा फरक मुकाट्याने मागे राहतो. ‘युनिट्स’ या आज्ञेने माप, अचूकता आणि बाहेरून आणलेल्या आकृतींचे एकक साच्यातच निश्चित केले, तर हा प्रसंग सहसा येत नाही.

यानंतर कागदाचा विचार. मिलिमीटरच्या तयार साच्यात ‘लिमिट्स’ या आज्ञेची मर्यादा ४२० गुणिले २९७, म्हणजे ए-३ कागदाएवढी असते. इमारत पडद्यावर पूर्ण मापात काढावयाची असल्याने कागदच प्रमाणाच्या पटीत मोठा मानावा लागतो. ८४१ गुणिले ५९४ मिलिमीटरच्या ए-१ कागदावर १:१०० प्रमाणात छपाई करावयाची, तर मर्यादा ८४,१०० गुणिले ५९,४०० अशी धरावी. अक्षरांचेही तसेच. छापील कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल, तर ते १:१०० साठी २५० आणि १:५० साठी १२५ मिलिमीटर उंच लिहावे लागते. हा गुणाकार दर वेळी मनात करणारा आरेखक दमतो आणि चुकतो. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षराची कागदावरील उंची एकदा नोंदवली की प्रमाणानुसार ती वाढवण्याचे काम संगणकच करतो. परंतु तशी शैली साच्यात असली पाहिजे.

साच्याचे खरे सामर्थ्य ‘लेयर’ या आज्ञेत आहे. स्तर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजावेत. भिंती एकावर, खांब दुसऱ्यावर, विजेच्या तारा तिसऱ्यावर, मापे आणखी एकावर. प्रत्येक स्तराला नाव, रंग, रेषेचा प्रकार आणि जाडी असते. जाड्या ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिलिमीटर अशा घेण्याचा प्रघात आहे. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४ पट असते आणि ए-मालिकेतील कागदांच्या बाजूही याच पटीने वाढतात. त्यामुळे ए-१ चा नकाशा ए-२ वर लहान करून छापला, तर ०.७ ची रेषा ०.५ ची होते आणि रेषांचे परस्परांशी नाते कायम राहते.

मंजुरीसाठी द्यावयाच्या नकाशांचे रंग हौसेचे नसतात. राष्ट्रीय इमारत संहितेतील तक्त्यानुसार नियोजित बांधकाम लाल रंगाने भरतात, पाडावयाचा भाग पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवतात आणि सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेने काढतात. देशातील अनेक शहरांत आता नकाशांची छाननी संगणक करतो आणि त्यासाठी स्तरांची नावे ठरवून दिलेली असतात. माणसाने तपासताना ‘भिंत’ आणि ‘भिंती’ यांत भेद केला नसता. यंत्र तो करते. चुकीच्या नावाच्या स्तरावर काढलेली गच्ची क्षेत्रफळाच्या हिशेबात येतच नाही. अशा ठिकाणी नेमक्या नावांचा साचा ही सोय राहत नाही, ती मंजुरीची पहिली अट होते.

साचा तयार करण्याची कृती सोपी आहे. वरील सर्व गोष्टी ठरवून, शीर्षक-चौकट बसवून, ‘पर्ज’ या आज्ञेने अनावश्यक नावे काढून टाकावीत आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना साच्याचा प्रकार निवडावा. तरीही कित्येक कार्यालयांत मागील कामाचा आराखडा उघडून, रेषा पुसून नवे काम सुरू होते. वेळ वाचल्यासारखे वाटते खरे. पण शीर्षकात जुन्या मालकाचे नाव आणि न दिसणाऱ्या स्तरांवर जुन्या इमारतीचे अवशेष उरतात.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत मूळ आकृती आणि तिच्या प्रती यांचे नाते जोडले होते. मूळ बदलताच सर्व प्रती बदलत. ऑटोकॅडमधील ‘ब्लॉक’ एका आराखड्यापुरता तसाच वागतो. साचा तसा वागत नाही. आराखडा एकदा त्यातून निघाला की दोघांचा संबंध तुटतो. आज साच्यातील तुळईची रेषा सुधारली, तरी काल काढलेले नकाशे जुनेच राहतात; ते ‘चेकस्टँडर्ड्स’ या आज्ञेने प्रमाण-फाइलीशी एकेक करून ताडून पाहावे लागतात. म्हणून साच्यालाही सुधारणा-क्रमांक आणि दिनांक द्यावा आणि तो शीर्षक-चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापला जाईल अशी व्यवस्था साच्यातच करून ठेवावी.