फिरत्या घरासाठी डिश निवडताना

२०१४च्या फेब्रुवारीत स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या कित्येक ब्रिटिश कुटुंबांच्या टीव्हीवरून बीबीसी गायब झालं. छपरावरच्या डिश जागच्या हलल्या नव्हत्या, वायरी शाबूत होत्या, आणि सिग्नल अजूनही आकाशातल्या त्याच ठिकाणाहून, २८.२ अंश पूर्व रेखांशावरून येत होता. बदलला होता तो झोत. ब्रिटनच्या प्रमुख मोफत वाहिन्या ॲस्ट्रा-२ मालिकेतल्या नव्या उपग्रहांवर गेल्या आणि तिथे त्यांना जो झोत मिळाला तो मुद्दाम ब्रिटन-आयर्लंडपुरता आवळलेला होता. आधीच्या उपग्रहाचा सिग्नल ओघळत स्पेनपर्यंत पोहोचायचा आणि लोक तो बिनदिक्कत पाहायचे. पण या वाहिन्यांनी सिनेमे आणि सामने दाखवायचे हक्क ब्रिटनपुरतेच घेतलेले असतात, त्यामुळे सिग्नल घरच्या हद्दीत ठेवणं त्यांना भाग होतं.

याचा फटका तिथे कायमच्या राहणाऱ्यांना बसला, तसाच दर हिवाळ्यात मोटरहोम घेऊन दक्षिणेकडे उतरणाऱ्यांनाही. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं राहतं घर. आत पलंग, ओटा, संडास आणि बहुतेकदा टीव्हीसुद्धा. युरोपात निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने अशा गाडीत काढणारी जोडपी पुष्कळ आहेत. आता आपल्याकडचेही बरेच जण जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये असलेल्या मुलांकडे गेले की अशी गाडी भाड्याने घेऊन आल्प्सकडे निघतात. या गाड्यांना डिश बसवताना लोक दुकानात जाऊन ‘सगळ्यात चांगली कोणती?’ असं विचारतात. खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच. गाडी कुठे जाणार आणि तिथे कोणत्या भाषेतलं काय बघायचं आहे?

मुळापासून सुरुवात करू. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने प्रदक्षिणा घालतो, म्हणून खालून तो स्थिर दिसतो. अशा तीन उपग्रहांनी सगळ्या जगाला प्रक्षेपण पुरवता येईल, हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. आज युरोपवर अशा उपग्रहांची रांगच आहे. मोटरहोमवाल्यांना त्यातली तीन ठिकाणं पाठ असतात. ब्रिटिश वाहिन्यांसाठी २८.२ अंश पूर्व, जर्मन वाहिन्यांसाठी १९.२ अंश, आणि इटालियन, पोलिश वगैरे भाषांसाठी हॉट बर्ड उपग्रहांचं १३ अंश.

प्रत्येक उपग्रहाचा, किंबहुना त्याच्या प्रत्येक झोताचा, जमिनीवर एक ठसा उमटतो. हातातला टॉर्च भिंतीवर मारला की मध्ये लख्ख आणि कडेला अंधूक वर्तुळ दिसतं, तसाच हा ठसा मध्यावर जोरकस असतो आणि कडांकडे विरत जातो. ठशाच्या नकाशांवर वेढे काढलेले असतात आणि प्रत्येक वेढ्यावर किती सेंटीमीटरची डिश लागेल ते लिहिलेलं असतं. हा नकाशा फुकट मिळतो, पण खरेदीआधी तो उघडून बसणारे कमीच.

ब्रिटिश झोतासाठी इंग्लंडमध्ये आणि उत्तर फ्रान्समध्ये ६० सेंटीमीटरची डिश पुरते. मध्य फ्रान्समध्ये ८०-८५ लागते. त्याखाली उतरलं की मीटरची भाषा सुरू होते आणि दक्षिण स्पेनमध्ये तर दोन मीटरच्या डिशचीही खात्री देता येत नाही. एवढी डिश गाडीच्या छपरावर कोण नेणार? १९.२ अंशांवरच्या जर्मन सार्वजनिक वाहिन्यांचं मात्र उलट आहे. त्यांचा झोत रुंद आहे आणि स्पेनपासून इटलीपर्यंत साधारण ६० ते ८० सेंटीमीटरमध्ये काम भागतं. एकाच तळावर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांवर एकाच मापाच्या डिश असतील, जर्मन आजोबा रात्रीच्या बातम्या बघत असतील आणि ब्रिटिश आजोबांच्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असेल. यात डिशचा काही दोष नाही.

डिशच्या मापाचा एवढा बाऊ का, तर उपग्रहाचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र, जेमतेम शे-दीडशे वॉट शक्तीने बोलतो आणि लंडनपर्यंत ते बोलणं सुमारे ३९,००० किलोमीटर चालून येतं. डिशने ते शक्य तितकं गोळा करून एका बिंदूवर आणायचं असतं. गोळा होणारी शक्ती क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे ६० ऐवजी ८५ सेंटीमीटरची डिश घेतली की शक्ती दुप्पट होते. मापाला दुसरी बाजू तरंगलांबीची. भारताच्या ‘साइट’ प्रयोगात १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना एटीएस-६ उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला, तेव्हा डिश तीन मीटर रुंद होत्या आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या केलेल्या होत्या. तरंगलांबी ३५ सेंटीमीटर असल्यामुळे त्या लहरींना जाळीची भोकं जाणवतच नसत. आजच्या टीव्हीची तरंगलांबी अडीच सेंटीमीटर आहे, म्हणून डिश छोटी चालते, पण पृष्ठभाग गुळगुळीत आणि आकार अचूक लागतो. गाडीच्या डिक्कीत दाबून वाकलेली डिश कितीही मोठी असली तरी उपयोगाची नाही.

आता उपग्रहाची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन. मुंबईत डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ आग्नेयेला जवळजवळ ५८ अंशांवर असतो. कन्याकुमारीला तो ६९ अंशांवर जातो आणि लेहला ४७ अंशांवर उतरतो. शिवाय झोत सगळ्या देशावर पसरलेला आहे. म्हणून आपल्याकडे डिश लावणं तसं सोपं. बाल्कनीतून मोकळं आकाश दिसलं की झालं. लंडनहून २८.२ अंशांवरचा उपग्रह फक्त २५ अंशांवर दिसतो, स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसहून १९ अंशांवर. नॉर्वेच्या टोकाला नॉर्डकापपर्यंत गाडी नेली तर १९.२ अंशांवरचा जर्मन उपग्रह जेमतेम १० अंशांवर, म्हणजे समोरच्या डोंगराआडच.

त्यात या डिश दिसतात तशा बघत नाहीत. त्यांचा एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकावरचं सिग्नल टिपणारं यंत्र, मध्यभागी नसतो. तो खालच्या बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे डिश स्वतः दाखवते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. इंग्लंडमध्ये डिश भिंतीसारखी उभी दिसते, जणू समोरच्या झाडाच्या बुंध्याकडे बघते आहे, आणि तरी तिला नीट सिग्नल मिळत असतो. म्हणून झाड आड येतं की नाही हे डिशकडे बघून कळत नाही. कोन मोजावा लागतो. १० मीटर उंच झाड आणि गाडीच्या छपरावर तीन मीटरवर डिश असेल, तर लंडनजवळ त्या झाडापासून निदान १५ मीटर लांब राहायला हवं. पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं, ओली पानं तर आणखीच. मार्चमध्ये निष्पर्ण झाडांखाली ज्या जागी चित्र स्वच्छ आलं, त्याच जागी मे महिन्यात काहीच येत नाही, याचं कारण हेच.

इथेच डिश बसवण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो. पहिली पद्धत छपरावरच्या स्वयंचलित डिशची. बटण दाबलं की मोटर डिश उचलते, जीपीएसवरून आपलं ठिकाण घेते, आकाश चाचपते, आणि आलेल्या सिग्नलमधली ओळख वाचून हाच तो उपग्रह याची खात्री करून थांबते. दोन-तीन मिनिटांत चित्र. गाडी सुरू केली की डिश आपोआप मिटते. पावसात बाहेर जावं लागत नाही, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी हे मोठं सुख आहे. दुसरी पद्धत घुमटाची. प्लॅस्टिकच्या टोपीखाली लहानशी डिश. वाऱ्याची भीती नाही, आणि काही घुमट गाडी चालू असतानाही उपग्रह धरून ठेवतात. पण टोपीत मावणारी डिश ३५-४५ सेंटीमीटरचीच, त्यामुळे ठशाची कड जवळ आली की घुमट सगळ्यात आधी हार मानतो. तिसरी, तिपाईवरची सुटी डिश.

माझं मत सुट्या डिशच्या बाजूने आहे. दक्षिण युरोपात उन्हाळ्यात गाडी पाइनच्या सावलीत लावावीशी वाटते. छपरावरची डिश असली की सावली हवी की टीव्ही, एवढाच पर्याय उरतो. तिपाई मात्र १५ मीटर वायर ओढून उन्हात नेऊन ठेवता येते. किंमतही कितीतरी कमी.

तिपाई लावायला हात बसावा लागतो, हे खरं. ६० सेंटीमीटर डिशची नजर साधारण तीन अंश रुंद असते, ८५ची दोन अंश. डिश मोठी तितकी नेमकी लावावी लागते. तिपाईच्या पायांत ६० सेंटीमीटर अंतर असेल आणि एक पाय ओल्या मातीत सेंटीमीटरभर खचला, तर डिश जवळजवळ एका अंशाने कलते आणि पावसाळी रात्री चित्र फुटायला लागतं. म्हणून पायांखाली फळकुटं द्यावीत आणि पाण्याचा कॅन मध्ये टांगावा. होकायंत्र गाडीपासून चार पावलं लांब जाऊन बघावं, कारण गाडीचं लोखंड सुईला फसवतं. सिग्नल शोधणारा स्वस्त मीटर नुसता टीं टीं वाजतो, कोणता उपग्रह सापडला ते सांगत नाही. २८.२च्या शेजारी २६ अंशांवर अरबी वाहिन्यांचे उपग्रह आहेत आणि बरेच जण तिथेच अडकतात. उपग्रहाची ओळख वाचणारा मीटर थोडा महाग पडतो, पण माझ्या मते या सगळ्या खरेदीत तोच सगळ्यात शहाणपणाचा खर्च. गाव बदललं की एलएनबीही आपल्या खोबणीत थोडा फिरवावा लागतो, कारण लहरींचा कल ठिकाणानुसार बदलतो. हे पुष्कळ जण विसरतात.

एलएनबी एकाच तोंडाचा घ्यावा की दोन तोंडांचा? रिसीव्हर वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभ्या की आडव्या लहरी हव्यात ते एलएनबीला सांगतो, आणि २२ किलोहर्ट्झचा एक सूर देऊन वरचा की खालचा पट्टा ते कळवतो. एका वायरीवर एका वेळी एकच हुकूम चालतो. म्हणून आजी-आजोबा पुढे आणि नातवंडं मागे वेगळी वाहिनी बघणार असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वायरी हव्यातच.

इंटरनेट आल्यावर डिश कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात आणि त्यांना ब्रिटन-स्पेन हा भेद नसतो. मात्र त्यांची छोटी अँटेनाही २५ ते ४० वॉट वीज घेते, मोठी तर त्याहून बरीच जास्त. टीव्हीच्या डिशचा एलएनबी दोन-तीन वॉटांत चालतो. वीजजोडणी नसलेल्या डोंगरातल्या तळावर, एका बॅटरीवर रात्र काढायची असताना हा फरक मोठा आहे. शिवाय इंटरनेटवरही वाहिन्या देश ओळखून दार लावतात. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८पासून पैसे भरून घेतलेल्या सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरत्या मुक्कामातही बघता येतात. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर ब्रिटिश प्रवासी या सवलतीला मुकले.

तेव्हा ब्रिटिश वाहिन्या बघणाऱ्या आणि हिवाळाभर स्पेनला जाणाऱ्याने डिशवर पैसे घालवू नयेत. त्या वाहिन्यांचा झोत तिथे गाडीवर नेता येईल अशा डिशला पुरत नाही. जर्मन वाहिन्या बघणाऱ्याने ८० सेंटीमीटरची सुटी डिश, दोन तोंडांचा एलएनबी आणि ओळख वाचणारा मीटर घ्यावा. पंधरा दिवसांसाठी गाडी भाड्याने घेणाऱ्याने काहीच विकत घेऊ नये, फक्त ताबा घेताना छपरावरची डिश एकदा उघडून-मिटून दाखवायला सांगावं. आणि ती नीट मिटली आहे हे खाली उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी हलवू नये.