सिकलसेलवरचं ‘जनुक-संपादन’ : बातमीतलं इंजेक्शन आणि प्रत्यक्षातला उपचार

गोंदियाहून बदली होऊन धाराशिवला आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन दवाखान्यात आले होते. मुलगी चौदा वर्षांची, सिकलसेलची रुग्ण. औषधांची चिठ्ठी लिहून होताच त्यांनी मोबाइल पुढे केला. “डॉक्टर, आता एका इंजेक्शनात हा आजार बरा होतो म्हणे. पुण्याची सिरम कंपनी बनवणार आहे. आपला नंबर कधी लागेल?”

बातमी खोटी नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ या भारतीय जनुक-संपादन उपचाराची घोषणा झाली आणि दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार सिरम इन्स्टिट्यूटशी केला. नाव बिरसा मुंडा यांच्यावरून, कारण हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. पण ‘एका इंजेक्शनात’ हे मात्र खरं नाही. का, ते समजून घेऊ.

चूक एकाच अक्षराची

हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची कृती आपल्या जनुकांत चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’ च्या जागी ‘टी’ येतो. संपूर्ण जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरजोड्या आहेत, त्यातलं हे एक. तेवढ्याने ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे ठणकू लागतात.

जनुक-संपादन म्हणजे या मजकुरात नेमक्या जागी जाऊन दुरुस्ती करणं. त्यासाठीचं ‘क्रिस्पर-कॅस9’ हे साधन मुळात जिवाणूंचं, विषाणूंपासून बचावासाठीचं. वाट दाखवणारा आरएनएचा तुकडा कॅस9 या प्रथिनाला ठरलेल्या जागी नेतो आणि प्रथिन तिथे डीएनए कापतं. हे साधन हवं तिथे वळवता येतं हे 2012 मध्ये दाखवणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण अशी, की प्रचलित कॅस9 कधी कधी मिळत्याजुळत्या मजकुरालाही फसतं आणि भलतीकडे कापतं. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी आयुष्यभर काम करतात. त्यांच्यात झालेली चुकीची काट पुढच्या हजारो पेशींत उतरते आणि ती नको त्या जनुकात असेल तर कर्करोगाचाही धोका संभवतो.

चोखंदळ प्रथिन

दिल्लीच्या या कामामागे डॉ. देबज्योती चक्रवर्ती या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाचा गट आहे, आणि त्यांची वाटचाल या अडचणीभोवतीच फिरते. जर्मनीत ड्रेस्डेनला संशोधन करताना त्यांचा विषय वेगळा होता : प्रथिन न बनवणारे लांब आरएनए. आयजीआयबीत आल्यावर सहकारी डॉ. सौविक मैती यांच्यासोबत त्यांनी फ्रान्सिसेला नोव्हिसिडा नावाच्या जिवाणूतलं कॅस9 हाती घेतलं. जगभर वापरात असलेलं साधन सोडून हे का? कारण ते चोखंदळ आहे. मजकुरात एखादंच अक्षर वेगळं असलं तरी ते बहुधा जागा सोडून देतं. त्यांच्या गटाने 2019 मध्ये हे प्रसिद्ध केलं.

हा गुण निदानालाही उपयोगी. सिकलसेलचं ते एक अक्षर ओळखणारी स्वस्त चाचणी करण्याचं काम प्रयोगशाळेत चालू होतं, तेवढ्यात कोरोना आला. तीच पद्धत विषाणूकडे वळवली गेली आणि कागदी पट्टीवर रेघ दाखवणारी ‘फेलुदा’ चाचणी तयार झाली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं नाव तिला दिलं. टाटा समूहाने विकसित केलेल्या या चाचणीला सप्टेंबर 2020 मध्ये मंजुरी मिळाली. त्या वर्षी मला तिचं कौतुक वाटलं होतं, पण तिचं मूळ सिकलसेलमध्ये आहे हे मात्र फार उशिरा कळलं.

चोखंदळपणाची किंमतही असते. हे प्रथिन पेशींत संथ काम करायचं आणि मोजक्याच जागी बसायचं. गटाने त्यात बदल करून जास्त कार्यक्षम, तरीही काटेकोर अशी रूपं बनवली. ते काम 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. प्रथिन निवडण्यापासून सिरमशी झालेल्या करारापर्यंत अशी बरीच वर्षं गेली आहेत. घोषणेपासून गोंदियाच्या मुलीपर्यंतचं अंतरही एका बातमीत कापलं जाणारं नाही.

प्रत्यक्षात काय करावं लागतं?

जगात मंजूर झालेला पहिला क्रिस्पर उपचार म्हणजे ‘कॅसजेव्ही’. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 आणि अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये, बारा वर्षांवरील रुग्णांसाठी. तो सदोष अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर बंद पडणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग किमान वर्षभर वेदनेचा मोठा झटका आला नाही. निकाल खरोखर मोठा आहे.

पण रीत अशी : रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांचं संपादन करायचं, मग तीव्र केमोथेरपीने जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. कित्येक आठवडे रुग्णालयात, जंतुसंसर्गाचा धोका, केमोमुळे वंध्यत्वाची शक्यता. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. भारतीय उपचार स्वस्त व्हावा हाच ‘बिरसा’चा हेतू आहे. मात्र माणसांवरच्या चाचण्यांत सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध होऊन मंजुरी मिळाल्याशिवाय तो दवाखान्यात येणार नाही. तोवर कुणी पैसे घेऊन ‘क्रिस्पर इंजेक्शन’ देतो म्हणाला, तर ती फसवणूक समजा. शेत गहाण ठेवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आज हाती काय आहे?

धाराशिवमध्ये हा आजार विदर्भाइतका दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनाही तो चटकन सुचत नाही. नागपूरकडे त्याची नोंद 1958 पासून आहे. आपल्याकडे मात्र वारंवार सांधेदुखी, कावीळ, फिकटपणा असलेलं मूल ‘संधिवात’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खात राहू शकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात तर पहाटेची थंडी, अंगमेहनत आणि पाणी कमी पिणं हे झटका आणणारे तिन्ही घटक एकत्र येतात.

प्राथमिक विद्राव्यता चाचणीत दोष आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे ठरवायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथे ही तपासणी लग्नाआधीच करावी. आधीच गरोदर असाल तर दहा-बारा आठवड्यांत गर्भनिदानासाठी मोठ्या केंद्राकडे जाता येतं. त्यासाठी पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा.

रुग्णासाठी हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त कॅप्सूल गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि झटके कमी करतं. ठराविक अंतराने रक्ततपासणी लागते, गरोदरपणात ते टाळतात, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नये. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही झालं तर घरी थांबू नका. भावंडाच्या पेशी जुळल्या तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा बरं करणारा उपचार आजही आहे. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक.

त्या गृहस्थांना हे सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “धाकट्याची तपासणी राहिलीच आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला घेऊन आले. त्याचा नमुना एचपीएलसीसाठी पाठवला.