अफूचा उतारा पोलिसाच्या हातीं

श्रोतेहो, अफूच्या विषानें माणूस मरतो तो कसा? प्रथम हृदय थांबत नाहीं, श्वास थांबतो. मुंबईच्या गिरण्यांतील बायका कामावर जातांना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत, हें आपणांपैकीं वडीलधाऱ्यांनीं ऐकलें असेल. त्या गोळीनें मूल शांत निजे, आणि मात्रा चुकली तर उठतच नसे. मॉर्फिन, हेरॉइन आणि हल्लींचें फेंटानिल हीं त्याच जातीचीं द्रव्यें. मेंदूंतील श्वसनाच्या केंद्रावर तीं आपला अंमल बसवितात. ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोंकाएवढ्या होतात, आणि थोड्याच मिनिटांत सारें आटोपतें.

यावर नालोक्सोन नांवाचा उतारा आहे. अमेरिकेंत जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टाइन यांनीं १९६१ सालीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला; १९७१ सालीं तेथील सरकारनें त्यास मान्यता दिली. अफूचें द्रव्य जेथें चिकटून बसतें तेथून त्याला हुसकून नालोक्सोन ती जागा अडवितें. स्वतः मात्र गुंगी आणीत नाहीं. दोनतीन मिनिटांत श्वास परतूं लागतो. तथापि कित्येक वर्षें हें औषध बहुतांशीं इस्पितळांत व रुग्णवाहिकांतच राहिलें, आणि माणसें घरांत, गल्लींत मरत राहिलीं. खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ सालीं हेरॉइनच्या अतिमात्रेनें दगावला. काय हा दैवदुर्विलास!

मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी शहराच्या पोलीसखात्यानें २०१० सालीं हें कोडें सोडविलें. रुग्णवाहिकेआधीं पुष्कळदां पोलीसच पोंचतो. मग उतारा त्याच्यापाशीं कां नसावा? सुई टोंचण्याचें कौशल्य लागूं नये म्हणून नाकांत फवारावयाची पिचकारी गस्तीवरील शिपायांस देण्यांत आली. निदान चुकलें तरी भीति नाहीं; शरीरांत अफूचें द्रव्य नसल्यास हें औषध बहुधा कांहींच करीत नाहीं. यानें व्यसनी सोकावतील, असा आक्षेप निघतो. मला तो पटत नाहीं. विहिरींत पडलेल्या मुलास बाहेर काढण्यापूर्वीं, तूं तेथें कां गेला होतास, असें कोणी विचारीत नाहीं.

एक धोका मात्र खरा आहे. नालोक्सोनचा प्रभाव ३० ते ९० मिनिटें टिकतो, विषाचा त्याहून अधिक टिकूं शकतो. शुद्धीवर आलेला मनुष्य त्रासलेला, ओकारीनें बेजार असतो व घरीं जाऊं म्हणतो. त्याला सोडलें, तर औषध ओसरतांच श्वास पुन्हां थांबावयाचा. फेंटानिल तर हेरॉइनच्या सुमारें ५० पट प्रखर. तेथें कधीं दुसरी फवारणीही लागते. म्हणून शिपायाला पिचकारीबरोबर हेंही शिकवितात, कीं श्वास परतेपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा, मग कुशीवर निजवावें, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्यापाशींच बसून राहावें.