अभिजीत सावंत जकार्तात का जिंकला नाही? मतांचं गणित आणि यजमानाचं बिल

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. ऑडिओमध्ये मागे जो हॉर्न ऐकू येतो तो तळोजा एमआयडीसीकडे जाणाऱ्या ट्रेलरचा आहे. नावड्यात राहून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे तेवढं चालवून घ्यावं लागतं.

तर, अभिजीत सावंत आठवतो का? मार्च २००५, सोनी टीव्ही, पहिलं 'इंडियन आयडॉल'. फायनलला समोर अमित साना, आणि जिंकला आपला मुंबईचा मराठी मुलगा. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, तुमच्यातले काही जण कदाचित जन्मलेही नसतील. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची फारशी कुणाला नसते. डिसेंबर २००७ मध्ये हाच अभिजीत भारताकडून जकार्ताला गेला होता, 'एशियन आयडॉल'मध्ये गायला.

सहा देश होते: भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम. प्रत्येकाने आपापल्या आयडॉलचा एक विजेता पाठवला. लोकांनी एसएमएसने मतं दिली. आणि जिंकला कोण? सिंगापूरचा हादी मिर्झा. सिंगापूरची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्याही आत होती. मग भारत, इंडोनेशियासारखे अवाढव्य देश समोर असताना हे झालं कसं?

उत्तराची सुरुवात एका नियमात आहे. मत देताना तुम्हाला एक नाही, दोन गायक निवडावे लागत होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यात अख्खा खेळ बदलतो. कसा, ते आपल्या सोसायटीवर करून बघू.

समजा सोसायटीत तीन विंग आहेत. ए विंगमध्ये ५० फ्लॅट, बीमध्ये ३०, सीमध्ये २०. गणपतीत गाण्याची स्पर्धा आहे आणि प्रत्येक फ्लॅटला एक मत. सगळे आपल्याच विंगच्या पोराला मत देणार, हे काही सांगायला नको. ए विंग जिंकली, ५० मतं. गाणं न ऐकताही निकाल सांगता आला असता!

आता नियम बदला. प्रत्येक फ्लॅटने दोन नावं द्यायची. पहिलं नाव अर्थातच घरचं. दुसरं? ए विंगवाले बीला देणार नाहीत, कारण तोच खरा स्पर्धक. म्हणजे सीला. बीवालेही ए नको म्हणून सीला देणार. सीची दुसरी मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आता बेरीज करा. ए: ५० अधिक १०, म्हणजे ६०. बी: ३० अधिक १०, म्हणजे ४०. सी: २० अधिक ८०, म्हणजे १००. सगळ्यात छोटी विंग जिंकली, तीही आरामात.

जकार्तात अगदी आकड्याला आकडा असंच झालं, असं मी म्हणत नाही. पण हादी मलय भाषेत गाणारा होता, आणि मलेशिया-इंडोनेशियाच्या प्रेक्षकांना ती भाषा कळते. त्या लोकांना दुसरं नाव शोधायला किती वेळ लागला असेल? मराठी किंवा हिंदी जवळची वाटणारा एकही शेजारी त्या सहा देशांत नव्हता. अभिजीतला 'दुसरं मत' येणार कुठून? माझ्या मते तो गाण्यात कमी पडला की नाही हा प्रश्नच इथे गौण आहे.

हे फक्त टीव्ही चॅनलचं खूळ नाही. युरोपात १९५६ पासून चालणाऱ्या युरोव्हिजनमध्येही असंच घडतं. तिथे स्वतःच्या देशाला मत देताच येत नाही. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत गुण देतो. २०१६ पासून तज्ज्ञांचे गुण वेगळे आणि जनतेचे वेगळे. त्याच वर्षीचा निकाल बघा. तज्ज्ञांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया, ३२० गुण. जनतेची पहिली पसंती रशिया, ३६१ गुण. आणि जिंकली कोण? युक्रेनची जमाला! तज्ज्ञांकडे दुसरी, २११. जनतेकडेही दुसरी, ३२३. एकूण ५३४. ऑस्ट्रेलिया ५११ वर, रशिया ४९१ वर. दोन्हीकडे दुसरी येऊन एकूण पहिली.

हे अन्यायाचं आहे का? मला नाही वाटत. तुमचं पहिलं मत बऱ्याचदा फक्त तुम्ही कुठे राहता ते सांगतं. गाणं खरोखर ऐकलं की नाही, ते दुसऱ्या मतावरून कळतं. शिवाय तेव्हा मत फुकट नव्हतं. रिअॅलिटी शोचा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग असायचा आणि त्या पैशात चॅनल आणि मोबाइल कंपनी दोघांचा वाटा असायचा. ज्याचे चाहते जास्त खर्च करतील तो पुढे, ही गोष्ट एकच नाव देण्याच्या पद्धतीत जास्त बोचते.

बरं, निकाल झाला. आता बिल.

एशियन आयडॉल एकदाच झालं. दुसरा सीझन आलाच नाही. युरोव्हिजन मात्र दरवर्षी होतं, आणि तिथे प्रथा अशी की जो जिंकेल त्याने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं. म्हणजे ट्रॉफीसोबत मांडवाचा खर्चही घरी येतो. लक्झेंबर्ग १९७२ आणि १९७३ असं लागोपाठ दोनदा जिंकलं. १९७३ चं त्यांनी भरवलं, पण १९७४ ला हात जोडले. मग ती स्पर्धा इंग्लंडमधल्या ब्रायटनला झाली, आणि तिथे 'अॅबा' जिंकले. आयर्लंड तर १९९२, ९३, ९४ असं सलग तीनदा जिंकलं. १९९३ चं यजमानपद त्यांनी मिलस्ट्रीट नावाच्या दीड हजार वस्तीच्या गावाला दिलं. घोडेस्वारीच्या स्पर्धा व्हायच्या त्या इनडोअर हॉलमध्ये!

पैसा येतो कसा? आपल्या मंडळासारखा, वर्गणीतून. भाग घेणाऱ्या प्रत्येक देशाचं टीव्ही चॅनल फी भरतं. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्ससारखे मोठे देश जास्त देतात आणि त्या बदल्यात सेमीफायनल न खेळता थेट फायनलला येतात. (आपल्याकडेही मोठी पावती फाडणाऱ्याला आरतीला पुढे उभं करतात, फरक काय?) पण वर्गणीत भागत नाही. उरलेलं यजमान चॅनल आणि शहर भरतं.

ताजं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बासेलचं, मे २०२५. शहराने सुमारे ३ कोटी ७५ लाख स्विस फ्रँक मंजूर केले, आपल्या हिशोबात साधारण साडेतीनशे कोटी रुपये. त्याला विरोध झाला, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये थेट लोकांचं मतदान घेतलं. दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणाले. म्हणजे गाण्यांना मतं पडण्याआधी खर्चालाच मतं पडली. मला हे फार आवडलं. कराचा पैसा आहे, विचारलंच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले आले, १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५, तेव्हा कुठे असं काही विचारलं? फरक असा की कॉन्सर्टचा खर्च तिकिटातून निघतो. हजारोंनी खुर्च्या, तीन रात्री, काम झालं. युरोव्हिजन हा मुळात टीव्हीचा कार्यक्रम आहे. स्टेज, कॅमेरे, कलाकारांच्या बसायच्या जागा यातच अर्धा हॉल जातो. बासेलच्या हॉलमध्ये प्रेक्षक उरले साडेसहा हजारांच्या आसपास. रंगीत तालमी धरून तिकिटाचे नऊ शो होतात, आणि त्यासाठी हॉल अनेक आठवडे अडकून पडतो. त्यात पोलीस बंदोबस्त आणि शहरभर लावलेले मोठे पडदे. हॉटेलवाल्यांची चांदी होते, पण बिल त्यांच्या नावावर येत नाही.

शेवटी कामाची गोष्ट. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतले लोकही युरोव्हिजनला ऑनलाइन मत देऊ शकतात. अगदी नावड्यातूनही, कार्डाने थोडे पैसे भरून. मात्र भारत, अमेरिका, ब्राझील वगैरे सगळे मिळून 'उरलेलं जग' असा एकच देश धरला जातो, आणि सगळ्यांत मिळून ५८ गुण. फायनल मे महिन्यात शनिवारी असते, आपल्याकडे ती रात्री साडेबाराला सुरू होते आणि पहाटे चारच्या पुढे जाते. कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट चालू आहे का, तेवढं आधी बघून ठेवा.