कथलाच्या खाणीवरचा स्पा

या आठवड्यात जाव्हाच्या लुलूरबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. तो हळद-तांदळाचा लेप अजून आठवडाभर वाळू द्या. कारण ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी मला मध्येच अडवलंय. बँकॉकच्या वाट फो मंदिरातला मसाज तुम्ही रंगवून सांगितलात, त्या लिहितात: अंगात सैल कपडे, तेलाचा थेंब नाही, ओळीने गाद्या, शेजारचा कण्हला तरी ऐकू येतं. मग फुकेतच्या स्पामधला एकांत, सुगंधी तेल, फुलं सोडलेला टब, हे कुठून आलं?

मंदिरातून नक्कीच नाही. थायलंडचा राजा तिसरा राम याने १८३०च्या दशकात वाट फोमध्ये शरीरातल्या रेषा आणि दाबबिंदू दाखवणारे फलक बसवले, आसनं करणाऱ्या ऋषींचे पुतळे ओतवून घेतले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहून शिकावं म्हणून. एकांताचा तिथे प्रश्नच नव्हता.

ते पुतळे जस्त आणि कथलाचे होते. कथील म्हणजे आपल्या पातेल्यांना कल्हई करतात तेच. फुकेतची जुनी श्रीमंतीही कथलाचीच; पर्यटक फार नंतर आले. १९८४मध्ये सिंगापूरचे हो क्वॉन पिंग आणि त्यांच्या पत्नी क्लेअर चियांग यांनी तिथल्या बांग ताव किनाऱ्यालगत जमीन घेतली. निळीशार तळी पाहून दोघं भुलले होते. तळी कसली, सोडून दिलेल्या कथील-खाणीचे खड्डे ते, आणि निळाई रसायनांची! मातीत आम्ल इतकं की काही धड उगवेना. ती जमीन सुधारण्यात आणि झाडं जगवण्यात वर्षं गेली.

१९९४मध्ये तिथे त्यांचं बन्यन ट्री हे हॉटेल सुरू झालं. त्याच्या वाट्याच्या तुकड्याला समुद्रकिनारा नव्हता. पाहुण्याला समुद्र दाखवता येत नाही, तर त्याला कुंपणाच्या आतच रमवायचं: बंगलीला स्वतःचा पोहण्याचा तलाव, आणि मसाजाला बागेतले मंडप. यंत्रांचा बडेजाव नाही, भर हातांच्या कसबावर. पुढे आशियातल्या कितीतरी हॉटेलांनी हा नमुना उचलला. म्हणजे बाईंना हवा असलेला एकांत, माझ्या मते, थाई वैद्यकाने दिलेला नाही; किनारा नसलेल्या जमिनीच्या नडीतून तो आलाय. तेलाचा मसाज बराचसा युरोपीय वळणाचा, त्यात थाई दाब मिसळलेला. फुलांच्या टबाबद्दल मला फारसं प्रेम नाही. फोटो छान येतात.

जुन्या वैद्यकातली एक गोष्ट मात्र स्पामध्येही जवळजवळ जशीच्या तशी मिळते: लूक प्रकोब. प्लाय नावाचा आल्याच्या कुळातला कंद, हळद, गवती चहा, मकरूत लिंबाची साल, कापूर, सगळं ठेचून सुती फडक्यात बांधायचं, वाफवायचं आणि गरमागरम दाबत अंगावरून फिरवायचं. स्पाच्या लांबलचक यादीत मी आधी तेच शोधतो. पुरचुंड्या मात्र दोन हव्यात. एक अंगावर फिरत असताना दुसरी वाफेवर. एकीवरच भागवत असतील, तर पाच मिनिटांत गार फडकं अंगावर येतं आणि बिल पूर्ण तासाचं.