एक जागा, एक उमेदवार : १९५७ ची पुण्यातील लोकसभा निवडणूक

लोकसभेच्या निवडणुकीत मतदार उमेदवाराची निवड करतो. एखाद्या प्रश्नावर त्याचा कौल मागितला जात नाही. तथापि १९५७ साली पुण्यात मराठी भाषकांच्या राज्याचा प्रश्न हाच मतदानाचा विषय झाला. याचे कारण लोकभावनेत जितके, तितकेच मतगणनेच्या नियमातही शोधावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजराती व मराठी प्रदेशांचे द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्यापूर्वीच, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे तिचे प्रमुख घटक. भाषिक राज्याची मागणी सोडल्यास त्यांच्यात मतैक्य थोडेच होते.

नेदरलँड्ससारख्या देशात अशा पक्षांना निवडणुकीपूर्वी एकत्र येण्याची निकड भासत नाही. तेथे १९१८ पासून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धती आहे. कनिष्ठ सभागृहाच्या १५० जागा देशभरातील मतांच्या हिशेबाने वाटल्या जातात; वैध मतांचा १५० वा भाग मिळविणाऱ्या यादीस एक जागा लाभते. पुण्यासारख्या एकसदस्य मतदारसंघात मात्र सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. विरोधी मते विभागली, तर बहुसंख्यांची मागणीही निकालात उमटत नाही. म्हणून एका जागेस एकच उमेदवार देणे समितीस आवश्यक झाले.

पुण्यात समितीतर्फे प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे उभे राहिले. त्यांचे प्रतिस्पर्धी होते काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ. गाडगीळांनी स्वतः संसदेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू आवेशाने मांडली होती. तरीही गोरे विजयी झाले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे; मतपत्रिका कोणत्या पेटीत पडली, एवढेच मोजले जाई. उमेदवाराचे वैयक्तिक मत काय, हे पेटी सांगत नव्हती. तो कोणत्या पक्षाचा, हे चिन्ह सांगत होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि घटकपक्षांना बांधणारा धागा सुटला. १९६२ मध्ये पुण्याची जागा काँग्रेसच्या शंकरराव मोरे यांनी जिंकली. मतगणनेचा नियम भिन्न पक्षांस एकत्र आणू शकतो. परंतु ज्या प्रश्नासाठी ते एकत्र आले, तो सुटल्यावर त्यांस एकत्र ठेवण्याचे सामर्थ्य त्या नियमात नसते.