नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र

परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी एकच चिंता सुरू होते : आता पुढे काय? सुरतेतील मराठी कुटुंबांत या प्रश्नाचे उत्तर एके काळी जणू ठरलेलेच असे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने यावे, उधना किंवा लिंबायत भागात बिऱ्हाड करावे आणि मागावर, नाही तर कापडबाजारात पोट भरावे. आता त्यांच्या मुलांना दुसऱ्याही वाटा दिसू लागल्या आहेत. हॉटेलातील स्वागतकक्ष, प्रवासी कंपनीची कचेरी, विमानतळावरील सेवा, गाईडचे काम अशा त्या वाटा आहेत. यांपैकी कोणतीही धरली तरी पहिली पायरी असते अर्जासोबत पाठवावयाच्या पत्राची. त्याला सर्वजण कव्हर लेटर म्हणतात. पायरी लहान खरी, परंतु पुष्कळ मुले तेथेच ठेचकाळतात, असा आमचा अनुभव आहे.

मध्यंतरी उधन्याकडील एक तरुण असेच पत्र घेऊन आमच्याकडे आला. वडील मागावर कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या लावते. त्याने दोन हॉटेलांकडे अर्ज धाडले होते, पण उत्तर एकाचेही नव्हते. आम्ही पत्र वाचले. इंग्रजी निर्दोष होते. ‘मी अत्यंत मेहनती, उत्साही व लोकांत मिसळणारा आहे’ असे त्यात होते, ‘आपल्या नामांकित संस्थेत’ हेही होते. मात्र पत्र लिहिणारा कोण, ते शोधूनही सापडेना. ते त्याने संगणकाकडून आयते लिहून घेतले होते.

‘‘हे पत्र इंदूरचा मुलगाही पाठवील आणि कोचीचाही. यात तू कुठे आहेस?’’ आम्ही विचारले.

मान खाली घालून तो म्हणाला, ‘‘काका, माझ्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे? नोकरी तर मी कधी केली नाही.’’

सुट्टीत काय करतोस, असे विचारता तो सहज बोलून गेला की, गावाकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला येतात, त्यांना तो बाजार दाखवतो. दहा-बारा माणसांचा मेळा पहाटे स्टेशनावर उतरतो. त्यांच्या अंघोळी-नाश्त्याची सोय लावायची, रिंग रोडवरच्या मार्केटांत फिरवायचे, जिना न चढवणाऱ्या आजीबाईंना खालीच बसवून साड्या त्यांच्यापुढे आणवायच्या, दुकानदाराशी गुजरातीत भाव करायचा, आजीला तो अहिराणीत सांगायचा आणि रात्री सर्वांना गाठोड्यांसह गाडीत बसवून द्यायचे. दोन वर्षांत असे आठ बस्ते त्याने पार पाडले होते.

‘‘मग हे पत्रात का नाही?’’

‘‘ते तर घरचे काम, काका. आणि वडील मागावर आहेत, आम्ही खानदेशी, हे कशाला सांगायचे?’’

आम्हाला वाईट वाटले ते याचेच. पाहुण्याला उतरवून घेणे, त्याची अडचण ओळखणे, त्याच्या भाषेत बोलणे आणि त्याला सुखरूप परत धाडणे, या चार गोष्टींसाठीच हॉटेले माणसे नेमतात. त्या चारही या मुलाला येत होत्या. मराठी, अहिराणी, गुजराती व हिंदी या चार भाषा तो रोज बोलत होता. परंतु ज्याची त्याला लाज वाटत होती, तेच त्याचे भांडवल होते.

या शहराला परिचयपत्रे नवी नाहीत. १६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स हा इंग्रज ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेस आला. त्याच्याजवळ राजा पहिला जेम्स याचे पत्र होते, आणि ते होते अकबर बादशहाच्या नावे. अकबर १६०५ सालीच निवर्तला होता, परंतु पत्र लिहिले गेले तेव्हा ती वार्ता इंग्लंडात पोहोचली नव्हती! १६०९ साली हॉकिन्स आग्र्यास जहांगीरसमोर उभा राहिला, तेव्हा पत्र वाचण्यासाठी एका जेझुइट धर्मगुरूंना पाचारण करण्यात आले. त्यांनी पत्राच्या भाषेला नावे ठेवली, असे हॉकिन्सनेच लिहून ठेवले आहे. पत्रावरचे नाव जुने आणि भाषेलाही दूषण, अशी स्थिती असूनही त्याची बाजू सावरली, कारण त्याला तुर्की भाषा येत होती. बादशहा त्याच्याशी दुभाष्यावाचून बोलू शकला व त्याने त्याला दरबारी ठेवून घेतले. तथापि व्यापाराचा टिकाऊ परवाना काही त्याच्या हाती लागला नाही आणि १६११ साली त्याने आग्रा सोडले. पत्र व भाषा उंबरठ्यापर्यंत नेतात. पुढचे सारे कामावर आणि काळावर अवलंबून असते.

यावरून आमच्या तरुण वाचकांनी काय घ्यावे? प्रथम, पत्र कोणाला जाते त्याची खात्री करावी. मॅनेजर बदलून गेलेले असतात, एका हॉटेलासाठी लिहिलेल्या पत्रात दुसऱ्याचे नाव तसेच राहून जाते. एक फोन करून नाव व हुद्दा विचारून घेण्यात कमीपणा नाही. जाहिरातीतील पदाचे नाव पहिल्याच ओळीत यावे आणि ई-मेलच्या विषयातही लिहावे.

दुसरे, बायोडाटा पत्रात पुन्हा उतरवू नये. विशेषणांऐवजी घडलेला एक प्रसंग सांगावा. घरच्या गरिबीचे गाऱ्हाणे पत्रात नको. आपली गरज कितीही खरी असली तरी मॅनेजरला त्याच्या पाहुण्यांची सोय आधी पाहावी लागते. पत्र एका पानाचे, तीन-चार परिच्छेदांचे असले म्हणजे पुरे.

तिसरे, ज्या घराचे दार ठोठावतो ते कोणते, हे जाणून घ्यावे. सुरतेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांत कापडाच्या व हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांचा मोठा भरणा असतो. त्यांना लवकर नाश्ता, वेळेवर गाडी आणि बाजाराची नेमकी माहिती हवी असते. प्रवासी कंपनीकडे किंवा गाईडच्या कामासाठी अर्ज करणाऱ्याने मात्र शहर पायाखाली घातलेले असावे. तापीकाठचा किल्ला त्याने पाहावा. कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या दफनभूमी पाहाव्या. १६६९ साली वारलेला इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन तेथे विसावला आहे, तसाच मलबारच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी व्हान रीडही. दांडी फार दूर नाही. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मीठ उचलले त्या गावी २०१९ साली स्मारक खुले झाले. ‘मी या तिन्ही ठिकाणी माणसांना नेऊ शकतो’ हे वाक्य खरेपणाने लिहिता आले, तर ते दहा विशेषणांहून मोलाचे आहे.

चौथी गोष्ट घरातील सर्वांनी मिळून ठरवावयाची. दिवाळीत सुरतकर मोठ्या संख्येने प्रवासाला निघतात आणि नाताळचा आठवडा म्हणजे हॉटेलांचा सुगीचा काळ. रात्रपाळी व सणाची पाळी या धंद्यात चुकत नाही. आई-वडिलांशी बोलूनच ‘पाळीने काम करण्याची तयारी आहे’ असे लिहावे. ऐन नाताळच्या रात्री मुलाची खुर्ची रिकामी राहील, हे आधी पत्करलेले बरे.

पत्र बहुधा इंग्रजीत जाते, परंतु विचार आधी आपल्या भाषेत करावा. त्या तरुणाने आमच्यासमोर बसून मराठीत लिहिले ते असे : ‘गेल्या दोन वर्षांत गावाकडून खरेदीसाठी आलेल्या आठ कुटुंबांची सुरतेतील सर्व व्यवस्था मी पाहिली. मराठी, अहिराणी, गुजराती व हिंदी मी बोलतो. इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलण्याचा सराव चालू आहे. स्वागतकक्षाचे काम मला शिकावयाचे आहे व रात्रपाळीस माझी हरकत नाही.’ इंग्रजीबद्दलचे वाक्य खोडावे काय, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, राहू दे. जे समोरासमोर दोन मिनिटांत उघड होणार, ते पत्रात लपवून काय उपयोग?

जाता जाता एक इशारा. प्रवासी जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे पुष्कळ भेटतात. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी मिळवून दिल्याबद्दल उमेदवाराकडून मोबदला घेण्यास तिला कायद्याने मनाई आहे. परवाना तपासल्यावाचून एक पैही देऊ नये.

त्या तरुणाच्या नव्या पत्रालाही पहिल्या ठिकाणाहून उत्तर आले नाही. दुसऱ्या ठिकाणी बोलावणे आले. मुलाखतीत बराच वेळ बस्त्याविषयीच विचारणा झाली. वडील काय करतात, असेही विचारले. ‘‘मागावर आहेत,’’ असे त्याने सरळ सांगितले. आज तो एका मध्यम हॉटेलात रात्रपाळीला स्वागतकक्षात उभा असतो. पगार फार नाही, आणि इंग्रजी अजून अडखळते.

आमच्या वाचकांच्या घरीही असा एखादा मुलगा किंवा मुलगी कोऱ्या कागदापुढे बसलेली असेल. वडीलधाऱ्यांनी घटकाभर जवळ बसावे आणि आजवर तिने कोणकोणाच्या उपयोगी पडून काय केले, ते तिला आठवू द्यावे. पत्राचा मजकूर बहुधा त्यातूनच मिळतो.